बंड्या आईंच्याच खोलीत शू का करतो?

नाशिकहून एका ताईंचं पत्र आलंय. नाव-गाव देत नाही, कुत्र्याचं नावही बदललंय. घरात नवरा-बायको, सहावीतला मुलगा आणि चार वर्षांचा देशी कुत्रा बंड्या. पिल्लू असताना रस्त्यावरून उचलून आणलेला, नसबंदी झालेली, वजन १८ किलोच्या आसपास. तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके. सासरे गेल्यावर जूनमध्ये सासूबाई गावचं घर बंद करून यांच्याकडे कायमच्या राहायला आल्या. आतली छोटी खोली, जिथे आधी मुलाचं टेबल आणि कपडे वाळत घालायचा स्टँड असायचा, ती त्यांना दिली. त्यांचं देवघर, पत्र्याची ट्रंक, सतरंजी सगळं तिथे लागलं. आणि तेव्हापासून बंड्या फक्त त्याच खोलीत शू करतोय. हॉलमध्ये नाही, किचनमध्ये नाही, आठवड्यातून चार-पाच वेळा त्याच खोलीत. बहुतेक वेळा बाल्कनीच्या दारासमोरच्या सतरंजीवर, दोनदा ट्रंकेच्या कोपऱ्याला. पकडला जातो तो पहाटे, नाहीतर दुपारी चारला सासूबाई भजनाला गेल्या की. ताई दिवसातून दोनदा फिनाइलने पुसतात, नवऱ्याने ओरडून पाहिलं, एकदा त्याचं नाक शूवर घासलं, काही फरक नाही. सासूबाईंचं म्हणणं, "मी आलेली त्याला चालत नाही, मुद्दाम करतो." त्याला निफाडकडे दिरांच्या शेतावर सोडून या असा विषय आता रोज जेवताना निघतो. ताईंनी शेवटी विचारलंय, "कुत्रा सांभाळू की सासूबाईंचं मन?"

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिसऱ्या वेळी एका ओळीवर थांबले. तुम्ही सहज लिहून गेलायत, "आधी पावसाळ्यात तो त्या बाल्कनीत हिरव्या मॅटच्या तुकड्यावर शू करायचा, मी बादलीभर पाणी ओतायचे, पण आता कबुतरांमुळे आणि पावसाच्या झडीमुळे बाल्कनी जूनपासून बंदच आहे त्यामुळे तो प्रश्न मिटला." प्रश्न मिटला नाही हो ताई, प्रश्न तिथेच सुरू झालाय. बंड्याच्या बाजूने बघा जरा. तीन पावसाळे त्याला तुम्हीच शिकवलंत की धो-धो पाऊस असला, खाली जाता येत नसलं, तर आतल्या खोलीतून बाल्कनीत जायचं, मॅटवर पाय ठेवायचा आणि मोकळं व्हायचं. यावर्षी पाऊस तसाच आला, खोली तीच, वाट तीच, पण शेवटच्या दोन फुटांवर दार बंद. मॅट टाकून दिलं. आणि जिथे दार अडतं बरोब्बर तिथे मऊ सतरंजी अंथरलेली. कुत्र्यांना कुठे करायचं हे जागेवरून जेवढं कळतं तेवढंच पायाखाली काय लागतं त्यावरूनही कळतं. ज्याला मॅटची सवय त्याला सतरंजी, पायपुसणं, गोधडी हे सगळं एकाच जातीचं वाटतं, आणि हॉलच्या गुळगुळीत टाइल्सवर तो करत नाही यात सगळं आलं. म्हणजे तो जमेल तेवढा नियम पाळतोय. संडासाच्या दारापर्यंत गेला, दार उघडलं नाही, दाराशीच झालं.

आता "मुद्दाम करतो" याबद्दल. मी सासूबाईंना दोष देत नाहीये, कुणालाही असंच वाटेल. त्यात तुम्ही लिहिलंय की ओरडल्यावर तो कान पाडतो, शेपूट पायात घालतो, नजर चुकवतो, म्हणजे त्याला चूक कळते तरी करतो. हा समज घराघरात आहे आणि यावर अभ्यास झालेला आहे. कुत्र्यांच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या न्यूयॉर्कच्या अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. त्यात मालक बाहेर गेल्यावर कुत्र्याने नको म्हटलेला खाऊ खाल्ला की नाही हे वेगळं ठेवलं आणि मालकाला काय सांगितलं हे वेगळं ठेवलं. निघालं असं की तो अपराधी चेहरा कुत्र्याने चूक केली की नाही यावर ठरत नाही, मालक रागावला की नाही यावर ठरतो. ज्यांनी काहीच खाल्लं नव्हतं पण बोलणी खाल्ली त्यांचेही चेहरे तसेच. म्हणजे बंड्या कान पाडून तुम्हाला "मी चुकलो" सांगत नाहीये, "तुम्ही चिडलायत, मला भीती वाटतेय" एवढंच सांगतोय. चिडायचं कारण पाच मिनिटांपूर्वीची ओली सतरंजी आहे हा धागा त्याच्या डोक्यात जुळत नाही.

आणि नाक घासणं. तुमच्या मिस्टरांनी एकदाच केलं असं लिहिलंय, ते पुन्हा नको, कळकळीने सांगते. यातून कुत्रा "इथे करू नये" हे शिकत नाही, "माणसासमोर करू नये" हे शिकतो. मग तो माणूस नसलेली वेळ गाठतो. पहाट. दुपारी चार. तुम्हाला वाटतं सासूबाई गेल्या की डाव साधतो, पण त्याला फक्त एवढंच कळलंय की कुणी बघत असताना शू केली की वाईट होतं. याचा दुसरा तोटा म्हणजे असा घाबरलेला कुत्रा खाली फिरायला नेला तरी पट्टा धरलेल्या माणसासमोर मोकळा होत नाही, अर्धा तास वास घेत फिरतो, घरी येतो आणि आत जाऊन करतो. हे माझ्या स्वतःच्या घरात झालंय. आमची कुत्री राणी सात वर्षांची असताना मागच्या खोलीत दिवाणाखाली करायला लागली. मी तीन आठवडे ओरडत होते. ती मला बघून दुसऱ्या खोलीत जायला लागली तरी माझ्या लक्षात आलं नाही, आणि शेवटी डॉक्टरांकडे नेलं तर लघवीत जंतुसंसर्ग, म्हणजे बिचारीला जळजळ होत होती आणि ती आडोसा शोधत होती. ते तीन आठवडे मला अजून बोचतात, म्हणून प्रत्येक पत्राला मी पहिलं हेच सांगते की ओरडण्याआधी लघवी तपासा.

तर पहिलं काम तेच, याच आठवड्यात. सकाळची पहिली शू स्वच्छ डब्यात धरायची. खाली नेल्यावर त्याने पाय उचलला की मागून हळूच उथळ वाटी सरकवायची, दोन-तीन चमचे मिळाली तरी पुरे, आणि तास-दोन तासात डॉक्टरांकडे पोचवायची. तोवर घरी एक मोजमाप करा. सकाळी मोजून पाणी भरा, दिवसभरात जेवढं पुन्हा ओतलं तेही लिहा, रात्री उरलेलं वजा करा. कुत्रा दिवसाला किलोमागे १०० मिलीपेक्षा जास्त पाणी पीत असेल तर ते नॉर्मल नाही, म्हणजे बंड्याचं १.८ लिटरच्या वर जात असेल तर डॉक्टरांना हा आकडा सांगा, किडनी, साखर असं बरंच काही बघता येतं. त्वचेच्या खाजेसाठी स्टेरॉइड चालू असेल तरीही पाणी आणि शू दोन्ही वाढतात, तेही सांगा. थेंब थेंब करतोय, लाल दिसतंय, सारखं चाटतोय, तर थांबू नका. आणि नर कुत्रा जोर करतोय पण शू येतच नाहीये असं दिसलं तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना, कारण मार्ग अडकला की जिवावर बेततं. ठरावीक एकाच खोलीत करतो म्हणून मला बंड्याचं आजारपण कमी आणि सवय जास्त वाटते, पण राणीचंही दिवाणाखालीच होतं, त्यामुळे तपासणी टाळू नका.

पत्रात अजून एक गोष्ट लपलीये. तुम्ही लिहिलंय मिस्टरांची शिफ्ट बदलली, आता सकाळचं फिरवणं साडेसातला होतं, आधी सहाला व्हायचं. रात्रीचं शेवटचं फिरवणं नऊला. म्हणजे साडेदहा तास! मोठा निरोगी कुत्रा सहा-आठ तास धरू शकतो, रात्री झोपेत थोडं जास्त, पण पावसात रात्री नऊला तो धड मोकळा झालाच नसेल, पार्किंगमध्येच चक्कर मारून वर आला असेल, तर पहाटे पाचला त्याच्यापुढे दुसरा उपाय काय? सासूबाई येणं, बाल्कनी बंद होणं, शिफ्ट बदलणं आणि पाऊस, चारही गोष्टी एकाच महिन्यात आल्या आणि घराने त्यातली डोळ्यांना दिसणारी एकच धरली, नवीन माणूस. तसं होतंच.

ट्रंकेचं मात्र वेगळं आहे, ते यात मिसळू नका. सतरंजीवर थारोळं असतं, ट्रंकेला कोपऱ्यावर बारीक धार, तुम्हीच लिहिलंय. थारोळं म्हणजे साठलेली सगळी शू मोकळी करणं. उभ्या वस्तूवर पाय वर करून थोडीशी सोडणं म्हणजे मार्किंग, वासाला वासाने दिलेलं उत्तर. ती ट्रंक गावच्या माळ्यावर, उंदीर-मांजरांच्या राज्यात पंचवीस-तीस वर्षं राहिलीये, बंड्याच्या नाकाला तिच्यावर काय काय लिहिलेलं दिसत असेल! नसबंदी झालेले नरही नवीन सामानावर असं करतात, पाहुण्यांच्या बॅगांवर करतात, नव्या सोफ्यावर करतात. ट्रंक बाहेरून खालून नीट पुसून घ्या, दोन-चार विटांवर किंवा पलंगावर उंच ठेवा, आणि एकदा तुम्ही सोबत असताना, पट्टा लावून, त्याला निवांत हुंगू द्या. पाय उचलायच्या बेतात दिसला तर ओरडायचं नाही, हाक मारून बाहेर आणायचं. तेवढं पुरतं बहुतेक वेळा.

आता साफसफाई, आणि इथे मला जरा रेंगाळायचंय कारण शंभरातल्या नव्वद घरांचं घोडं इथेच अडलेलं मी बघते. फिनाइल बंद करा. फिनाइलने वास जात नाही, आपल्या नाकाला शूवर फिनाइलचा वास बसतो एवढंच. बंड्याला खालचा वास येतच राहतो आणि ती खूण त्याला सांगते की इथेच, इथेच. काळं फिनाइल तर प्राण्यांच्या घरात नकोच, पंजाला लागतं, चाटल्यावर पोटात जातं, आणि मांजर असेल तर त्याला ते विषच. ब्लीच किंवा ब्लीच असलेलं टॉयलेट क्लीनर शूवर ओतायचं नाही, शूमधला अमोनिया आणि ब्लीचमधला क्लोरीन मिळून डोळे-छाती जाळणारा वायू तयार होतो, आणि खिडकी बंद असलेल्या खोलीत वयस्कर माणूस झोपतंय. ऑनलाइन किंवा पेट शॉपमध्ये कुत्र्याच्या शूसाठीचं एन्झाइम क्लीनर मिळतं ते आणा. आधी साध्या पाण्याने दोनदा पुसून फिनाइलचा अंश काढायचा, नाहीतर एन्झाइमचं काम होत नाही. मग क्लीनर पुसायचं नाही, ओतायचं, शू जिथवर गेली असेल तिथवर भिजलं पाहिजे, बाटलीवर लिहिलेला वेळ तसंच राहू द्यायचं आणि मग टिपून घ्यायचं. घाई केली की पैसे वाया.

पण कुठे ओतायचं? तुम्हाला दिसतंय तेवढ्यावर नाही. नोटा तपासायची ती निळी यूव्ही टॉर्च मिळते ना, ती आणा, रात्री खोलीतले दिवे घालवा आणि गुडघ्यावर बसून फरशीला लागून टॉर्च फिरवा. सुकलेली शू पिवळट-हिरवट चमकते. मी राणीच्या वेळी हे केलं तेव्हा मला वाटत होतं एकच जागा आहे, आणि दिवाणाच्या पायाच्या प्लायवर खालून वर चार बोटं डाग चढलेला, स्कर्टिंगच्या मागे ओघळ, टाइल्सच्या फटीफटीतून गेलेली एक रेष जी थेट दारापर्यंत. तीन आठवडे मी फरशीचा मधला चौकोन पुसत होते आणि वास कडांना होता. तुमच्याकडे बाल्कनीच्या दाराची चौकट, दाराची खालची कड आणि रुळाची खाच आधी बघा. सतरंजी भिजवून, क्लीनर लावून, धुऊन, कडक उन्हात वाळवा. ऊन नसेल तर तोवर ती खोलीत परत आणूच नका. कापसाच्या गादीत गेलं असेल तर खरं सांगते, ती वाचत नाही, नवीन करा. फरशी संगमरवरी किंवा शहाबादी असेल तर व्हिनेगर लावू नका, दगड खातं ते.

आणि पुसताना हातमोजे. पावसाळा आहे, बंड्या खाली साचलेल्या पाण्यातून येतो, लेप्टो हा आजार लघवीतून माणसाला होतो. बंड्याच्या वार्षिक लशीत लेप्टोचा भाग होता का हे डॉक्टरांना विचारून घ्या. सासूबाई घरात अनवाणी वावरतात, टाचांना भेगा असतात, त्यांनी घरात स्लिपर घालाव्यात एवढं या काळात बघा.

वास गेला, आता त्याला त्याची जागा परत द्यायची. तुमच्यापुढे दोन वाटा आहेत. एक, बाल्कनी पुन्हा उघडायची. कबुतरांची जाळी लावून घ्या, ती तशीही लावावी लागणारच होती, कोपऱ्यात हिरव्या मॅटचा नवा तुकडा टाका, त्यावर त्याच्या सकाळच्या शूने ओला केलेला कागदाचा बोळा एकदा घासा म्हणजे त्याला खूण पटेल. याने तो सगळ्यात लवकर ताळ्यावर येईल, कारण सवय तयारच आहे. अडचण ही की वाट सासूबाईंच्या खोलीतून, देवघरासमोरून जाते, पहाटे पाचला त्यांची झोप मोडणार. दुसरी वाट, जागा बदलायची. तेच मॅट कॉमन बाथरूममध्ये मोरीच्या जाळीजवळ. पहिले आठ-दहा दिवस पट्टा लावून ठरावीक वेळी तिथे न्यायचं, उभं राहायचं, "शू कर" हा एकच शब्द वापरायचा, केली की तिथल्या तिथे, दोन सेकंदांच्या आत खाऊ. हॉलमध्ये येऊन डबा उघडून दिला तर त्याला वाटणार हॉलमध्ये आल्याचं बक्षीस आहे. किचनच्या ड्राय बाल्कनीचा विचार तुम्ही कराल, पण ज्या घरात सोवळ्याओवळ्याचा विषय आहे तिथे स्वयंपाकघरातून कुत्र्याच्या शूची वाट काढणं म्हणजे नवीन भांडण, तो नाद सोडा. मला स्वतःला बाथरूमची वाट पटते. थोडी लांबची आहे, तीन-चार आठवडे चिकाटी लागेल, पण सासूबाईंची खोली पूर्ण त्यांची राहते आणि पुढच्या पावसाळ्यातही हाच प्रश्न नव्याने येत नाही.

खाऊचं एक, नाशिकचं घर म्हणून मुद्दाम. द्राक्षं आणि मनुके कुत्र्याला चुकूनही नाही, किडनी निकामी होऊ शकते, आणि प्रसादाच्या वाटीत खडीसाखरेसोबत मनुके असतातच. पनीरचा नखाएवढा तुकडा, उकडलेलं अंडं, चालत असेल तर चिकन, नाहीतर पोळीचा तुकडा.

फिरवण्याची वेळ कुणीतरी सहाच्या आसपास परत आणायला हवी. तुम्ही लिहिलंय त्यावरून पुसणं तुमच्याकडे, धुणं तुमच्याकडे, बोलणीही तुम्हीच ऐकताय, मग पहाटेची फेरी तरी मिस्टरांनी किंवा मुलाने आलटूनपालटून घ्यावी, सहावीतला मुलगा पार्किंगपर्यंत नक्की नेऊ शकतो. रात्रीची फेरी नऊऐवजी साडेदहाला. आणि फिरायला नेल्यावर त्याने शू केली रे केली की लगेच वर आणू नका. बरेच जण हे करतात, मग हुशार कुत्रा शिकतो की शू केली की मजा संपते, आणि तो धरून ठेवतो. आधी शू, मग खाऊ, मग पाच मिनिटं हुंगू द्या, मग वर. जोराच्या पावसात पार्किंगच्या कडेला पत्र्याखालचा एखादा कोपरा ठरवून ठेवा आणि नंतर पाणी ओता, सोसायटीत शब्द नको. आणि ज्यांच्या सोसायटीत कुत्र्याला लिफ्ट बंद केल्यामुळे फेऱ्या कमी झाल्या आणि घरात शू सुरू झाली अशी पत्रं येतात त्यांनी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचना सेक्रेटरींना दाखवा, पाळीव कुत्र्यांना लिफ्ट नाकारता येत नाही असं त्यात आहे.

या सगळ्यात त्या खोलीचं दार बंद. कुणी नजर ठेवायला असेल तरच उघडं. दार बंद ठेवणं म्हणजे हरणं असं तुम्हाला वाटतंय, तसं अजिबात नाही ताई, घरातली प्रत्येक खोली कुत्र्याला मोकळी असलीच पाहिजे असं कुठे आहे? सासूबाईंना गुदमरल्यासारखं होत असेल तर लहान मुलांसाठीचं जाळीचं गेट लावा, हवा येते, उजेड येतो. पण फक्त दार बंद करून थांबलात आणि दुसरी जागा दिली नाहीत तर महिन्याभरात मुलाच्या गादीवर सुरू होईल, एवढं लक्षात ठेवा. सलग चार आठवडे कोरडे गेले की मग सासूबाईंची इच्छा असेल तरच, दिवसातून दहा मिनिटं, त्याला पट्ट्यावर त्या खोलीत बसवा. कुत्रा जिथे खातो, झोपतो तिथे सहसा घाण करत नाही, त्यामुळे त्यांची हरकत नसेल तर तिथेच थोडं खायला घाला. हरकत असेल तर राहू दे.

शेतावर सोडण्याबद्दल स्पष्ट बोलते. फ्लॅटमध्ये वाढलेला, चार वर्षं सोफ्याखाली झोपलेला कुत्रा शेतावर मोकळा सोडला की तिथली कुत्री त्याला आत घेत नाहीत. आणि निफाडचा उसाचा पट्टा तुम्हाला मी काय सांगू, बिबट्या तिकडे रोजचा झालाय आणि त्याचं सोपं भक्ष्य कुत्रंच असतं. दीर-जाऊ त्याला घरात घेऊन, बांधून-जेवू घालून, लस-औषध बघून खरोखर सांभाळणार असतील तर ती गोष्ट वेगळी, त्यावर घरात बसून बोला. पण नुसतं सोडून येणं म्हणजे त्याला वाऱ्यावर टाकणं, आणि जनावर उपाशी-तहानेलं राहील असं टाकून देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे. तुमच्या मुलाला हे कसं समजावणार तेही बघा, आजी आली म्हणून बंड्या गेला, हा हिशोब तो आयुष्यभर आजीच्या नावावर मांडेल.

आता सासूबाई. तुम्ही विचारलंय, कुत्रा की त्यांचं मन. मला वाटतं त्यांचं दुखणं शूचं जेवढं आहे त्याहून जास्त वेगळं आहे. नवरा गेला, घर गेलं, दार-अंगण गेलं, एका ट्रंकेत मावेल तेवढं घेऊन माणूस लेकाच्या घरी आलं, आणि त्या एवढ्याशा खोलीत, देवासमोर, रोज कुणीतरी शू करतंय. त्यांना त्यात "तू इथली नाहीस" असं ऐकू येतं. ते बंड्या बोलत नाहीये, पण त्यांना ऐकू येतंय हे खरं आहे. आणि त्यावर आपण "अहो आई, जनावर आहे, त्याला काय कळतं" म्हणालो की त्यांना वाटतं यांना कुत्र्याचीच बाजू. म्हणून असं सांगून बघा: "आई, चूक आमची झाली. ती बाल्कनी त्याचा संडास होता, आम्ही तो बंद केला आणि तुमची सतरंजी त्याच्या दारात अंथरली. तुम्ही आलात म्हणून नाही, तुमच्या जागी दुसरं कुणी असतं तरी त्याने तेच केलं असतं." हे मिस्टरांनी सांगावं, तुम्ही नाही, आणि जेवताना नाही, त्यांच्या खोलीत बसून. देवघर भिंतीला वरच्या फळीवर घेऊन द्या, सतरंजी नवीन आणा आणि ती त्यांच्या आवडीची असू द्या. डागांची टॉर्च त्यांनाही दाखवा, गावाकडे गुरं सांभाळलेली माणसं आहेत ती, गोठ्यातल्या जनावराला जागेची सवय कशी असते हे त्यांना तुमच्या-माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक असणार, आणि एकदा का त्यांना ते दारासमोरचं थारोळं गोठ्याच्या भाषेत कळलं की अर्धा राग उतरेल असं मला वाटतं.

ज्यांचं बंड्यासारखं नाही त्यांच्यासाठी घाईत दोन शब्द. नसबंदी न झालेली मादी माजानंतर महिना-दोन महिन्यांत भरपूर पाणी प्यायला लागली, घरात शू, मलूल, तर गर्भाशयात पू झालेला असू शकतो, उद्यावर टाकू नका. म्हातारा कुत्रा रात्री भिंतीशी उभा राहतो, रस्ता चुकतो आणि कुठेही करतो, त्याला रागावून काय उपयोग, डॉक्टरांना विचारा, औषधं असतात. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून खाली जायलाच तयार नसणाऱ्यांना अंधार पडायच्या आत फिरवून आणा. आणि पिल्लं, तीन महिन्यांचं पिल्लू दिवसा तीन-चार तासांच्या वर धरूच शकत नाही, त्याला कुठलीच खोली कळत नाही अजून.

तुम्ही आज रात्रीच एक करा. मोबाईल त्या खोलीत उंचावर रेकॉर्डिंगला लावून ठेवा, पहाटे बघा. शू करायच्या आधी तो बाल्कनीच्या दाराशी जाऊन उभा राहतो का, नाक फटीला लावतो का, पंजाने कडीखाली ओरखडतो का. तुम्ही लिहिलंय दाराच्या खालच्या कडेचा रंग गेलाय आणि तो पावसाने गेला असं तुम्हाला वाटतंय. तो रंग आतल्या बाजूने गेलाय ना? तो व्हिडिओ आधी सासूबाईंना दाखवा, मग मिस्टरांना. आणि बाथरूममधल्या मॅटवर पहिल्यांदा केली की पनीरचा तुकडा सासूबाईंच्या हातून जाऊ दे, हात लावायचा नसेल तर लांबून टाकू देत.